प्राणवायूचा गंज आणि गोळ्यांचा बाजार

कुठल्याही औषधाच्या दुकानात डोकावून पाहा. कॅप्सूलच्या बाटलीवर, ग्रीन टीच्या खोक्यावर, फळांच्या रसाच्या पाकिटावर, एवढेच नव्हे तर चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या डबीवरही एक शब्द ठळक अक्षरांत छापलेला दिसेल : अँटिऑक्सिडंट. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हा शब्द रसायनशास्त्राच्या वर्गाबाहेर फारसा कोणाला ठाऊक नव्हता. आज तो घराघरांत पोचला आहे. त्यामागचा युक्तिवाद सोपा आणि पटण्याजोगा आहे. शरीरात ‘फ्री रॅडिकल्स’ नावाचे उपद्रवी कण तयार होतात. ते पेशीतील डीएनए बिघडवतात. त्या बिघाडातून कर्करोग होतो. तेव्हा या कणांचा बंदोबस्त करणारी गोळी रोज घ्या आणि निर्धास्त राहा.

या युक्तिवादातला पहिला भाग बराचसा खरा आहे. गोळीचा भाग मात्र खरा नाही, आणि हे कोणाचे निव्वळ मत नव्हे. हजारो माणसांवर, कोट्यवधी रुपये खर्चून केलेल्या चाचण्यांतून ते सिद्ध झालेले आहे. एखादे निदान बरोबर असूनही त्यावरचा उपाय कसा चुकू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण वैद्यकाच्या अलीकडच्या इतिहासात क्वचितच सापडेल. आणि ज्या राज्यात दर चार प्रौढांमागे साधारण एक माणूस तंबाखूच्या आहारी गेला आहे, तिथल्या कुटुंबांनी हा विषय मुळातून समजून घ्यायला हवा.

श्वासाची किंमत

आपण ज्याला प्राणवायू म्हणतो तो हवेत २१ टक्के आहे आणि त्याच्यावाचून काही मिनिटेही निघत नाहीत. पण हाच वायू लोखंडाला गंज चढवतो, कापून ठेवलेले सफरचंद तांबूस करतो, डब्यातले तेल खवट करतो. या साऱ्या प्रकारांना रसायनशास्त्रात ऑक्सिडीकरण म्हणतात. जो पदार्थ बाहेर इतका उलथापालथ करतो, तो शरीरात शिरल्यावर अगदी सोवळ्यात वागेल अशी अपेक्षा करणे चूकच.

पेशीत तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया असतात. अन्नातली ऊर्जा मोकळी करण्याचे काम त्या करतात. त्या कामी प्राणवायू खर्ची पडतो आणि शेवटी त्याचे पाणी होते. हा व्यवहार बहुतांशी चोख चालतो, पण थोडी गळती होतेच. काही रेणू अर्ध्या वाटेतच निसटतात आणि सुपरऑक्साइड नावाचा अस्थिर कण तयार होतो. त्याचे पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होते. या पेरॉक्साइडची लोह किंवा तांबे या धातूंशी गाठ पडली की त्यातून ‘हायड्रॉक्सिल’ हा सर्वांत दांडगा मुक्त कण जन्मतो. तो इतका उतावळा असतो की जिथे जन्मला तिथेच, शेजारी जे सापडेल त्याच्यावर तुटून पडतो. शेजारी डीएनए असेल तर डीएनएवर.

क्ष-किरणांनी शरीराला होणारी इजा आणि अतिरिक्त प्राणवायूमुळे होणारी इजा यांच्या मुळाशी हेच मुक्त कण असावेत, असे रेबेका गर्शमन या अर्जेंटिनाच्या संशोधक महिलेने १९५४ साली अमेरिकेत काम करत असताना मांडले. तेव्हा फार थोड्यांनी त्याकडे लक्ष दिले. १९६९ साली ड्यूक विद्यापीठात जो मकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी एका एन्झाइमचे काम उलगडून दाखवले. सुपरऑक्साइडचा निकाल लावणे एवढेच त्याचे काम होते. शरीराने खास पहारेकरी नेमला आहे, त्या अर्थी चोरही खराच असला पाहिजे, हे त्यानंतर सर्वांना मान्य करावे लागले.

एका अक्षराची चूक

डीएनए हा चार अक्षरांत लिहिलेला मजकूर आहे. अॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन ही ती चार अक्षरे. माणसाच्या पेशीत सुमारे ३ अब्ज अक्षरांचा मजकूर असतो, तोही दोन प्रतींत, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. या चारांत ग्वानिन सर्वांत नाजूक. ऑक्सिडीकरणाची पहिली झळ बहुधा त्यालाच लागते आणि त्याचे ‘आठ-ऑक्सोग्वानिन’ होते. १९८४ मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील कासाई आणि निशिमुरा यांनी हा बिघाड प्रथम ओळखला.

ग्वानिनची जोडी एरवी सायटोसिनशी जमते. ऑक्सिडीकरण झालेले ग्वानिन मात्र अॅडेनिनशीही जोडी जमवते. पेशीचे विभाजन होताना मजकुराची नक्कल केली जाते, तेव्हा ही चुकीची जोडी लागते, आणि पुढच्या नकलेत मूळ ग्वानिनच्या जागी थायमिन येऊन बसते. आता ही चूक कायमची झाली. ‘दिन’ लिहायचे होते तिथे ‘दीन’ छापले गेले, आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीत तेच छापले जाऊ लागले, तसा हा प्रकार.

बहुतेक छपाईच्या चुका निरुपद्रवी असतात. वाचणारा सावरून घेतो. पण पेशीची वाढ थांबवणारी, बिघडलेल्या पेशीला मरण पत्करायला लावणारी काही जनुके आहेत. पी-५३ हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. काही जनुके उलट वाढीला चालना देतात. चूक नेमकी अशा जनुकांत झाली, आणि एकाच पेशीच्या वंशात अशा अनेक चुका वर्षानुवर्षे साठत गेल्या, तर ती पेशी लगाम सुटल्यासारखी वाढू लागते. कर्करोग एका आघाताने होत नाही. तो साठत जाणाऱ्या चुकांचा रोग आहे. म्हणूनच तो बहुधा उतारवयात गाठतो.

मग प्रत्येक श्वासागणिक आपल्याला कर्करोग का होत नाही? याचे उत्तर दुरुस्तीत आहे. डीएनए हा अढळ पदार्थ नसून तो सतत झिजत असतो, हे टोमास लिंडाल यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले. इतका झिजणारा पदार्थ टिकतो कसा, या प्रश्नाच्या मागे लागून त्यांनी पेशीतल्या दुरुस्तीची एक आखी पद्धत शोधून काढली. २०१५चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल मॉड्रिक आणि अझीझ संजार यांच्यासह मिळाले, ते याच कामासाठी. ऑक्सिडीकरण झालेले ग्वानिन हुडकून कापून टाकणारे एक एन्झाइम आहे. त्याच्या नजरेतून सुटले आणि समोर चुकीचे अॅडेनिन बसले तर ते उचलून फेकणारे दुसरे एन्झाइम आहे. वर्तमानपत्राच्या छापखान्यात दोन-दोन मुद्रितशोधक बसवावेत, तशी ही व्यवस्था.

हे सारे प्रयोगशाळेत ठीक. प्रत्यक्ष माणसात यामुळे कर्करोग होतो याला पुरावा काय? तो २००२ साली वेल्समधील कार्डिफच्या संशोधकांनी दिला. एका ब्रिटिश कुटुंबातील तीन भावंडांच्या मोठ्या आतड्यात अनेक गाठी होत्या. अशा गाठींना सहसा कारण होणारा आनुवंशिक दोष त्यांच्यात नव्हता. संशोधकांनी ११ गाठी तपासल्या. वाढीला लगाम घालणाऱ्या एका जनुकात त्यांना १८ बिघाड सापडले, आणि त्यांपैकी १५ एकाच प्रकारचे होते : ग्वानिनच्या जागी थायमिन. ऑक्सिडीकरणाचा हा जणू अंगठ्याचा ठसाच. मागोवा घेतल्यावर कळले की या भावंडांत दुसरा मुद्रितशोधक, म्हणजे चुकीचे अॅडेनिन काढणारे एन्झाइमच, जन्मतः निकामी होते. बाहेरून कसलाही वेगळा मारा नसताना केवळ दुरुस्ती लंगडी पडल्यामुळे कर्करोगाची वाट मोकळी झाली होती.

या उदाहरणातून एक सूत्र हाती येते. नुकसान सर्वांचेच होते; कर्करोगाचा धोका तिथे वाढतो, जिथे नुकसानीचा वेग दुरुस्तीच्या वेगाला मागे टाकतो. दुरुस्तीची यंत्रणा आपल्या हाती फारशी नाही. नुकसानीचा वेग मात्र पुष्कळसा आपल्या हाती आहे.

मारा येतो कुठून?

पहिला स्रोत अर्थातच तंबाखूचा धूर. एका झुरक्यात मुक्त कणांचा लोंढाच आत जातो. पण सारा दोष ऑक्सिडीकरणावर टाकणे योग्य होणार नाही. धुरातील बेंझोपायरीनसारखी रसायने डीएनएला थेट चिकटतात आणि त्यांचाही रोख ग्वानिनवरच असतो. ऑक्सिडीकरण हा या गुन्ह्यातला एक साथीदार आहे, एकटा आरोपी नव्हे.

दुसरा स्रोत आपल्या अगदी ओळखीचा. सुपारी आणि चुना. सुपारीतील पॉलिफेनॉल ही द्रव्ये एरवी निवांत असतात. चुन्यामुळे तोंडातली लाळ अल्कधर्मी झाली की ती झपाट्याने ऑक्सिडीकृत होतात आणि त्यातून सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. सुपारीचा अर्क आणि चुना यांच्या संयोगाने डीएनएत ऑक्सिडीकृत ग्वानिन तयार होते, हे १९८०च्या दशकातच परीक्षानळीत दिसून आले होते. सुपारीत तांबेही बऱ्यापैकी असते. ते या क्रियेला हातभार लावते, शिवाय तोंडातील तंतुमय ऊतक कडक करते. गालाची आतली त्वचा पांढरी आणि चामड्यासारखी होणे, तिखट न सोसणे, तोंड हळूहळू उघडेनासे होणे ही त्याची लक्षणे. १९५३ साली मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी भारतात या विकाराची नोंद केली. हा विकार पुढे कर्करोगाकडे झुकू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो’ या समजुतीला तेव्हापासून आधार उरलेला नाही.

तिसरा स्रोत म्हणजे आपलीच फौज. जंतूंवर हल्ला करताना पांढऱ्या पेशी मुद्दाम मुक्त कणांचा फवारा सोडतात. चार दिवसांच्या आजारात हे हितकारकच. पण दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला तर फवाऱ्याचा त्रास घरच्यांनाच होतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातील जंतूचे असेच आहे. १९८२ साली ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी तो शोधला, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, आणि जठराच्या कर्करोगाचे एक प्रमुख कारण म्हणून तो आज ओळखला जातो. अॅस्बेस्टॉसचे तंतूही असेच. फुप्फुसातल्या भक्षक पेशी ते गिळू पाहतात, गिळता येत नाहीत, आणि त्या झटापटीत मुक्त कण सांडत राहतात. शिवाय त्या तंतूंमधले लोह आगीत तेल ओतते.

हवेचे प्रदूषणही २०१३ पासून कर्करोगकारकांच्या यादीत आहे. पण २०२३ साली लंडनच्या चार्ल्स स्वँटन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हवेतील सूक्ष्म कण नेहमी नवी चूक करतात असे नाही. वयोमानाने आधीच चुका साठलेल्या, पण निद्रिस्त असलेल्या पेशींना ते दाहाच्या मार्गाने जागे करतात. म्हणजे डीएनएची नासाडी ही अर्धी गोष्ट झाली. नासाडी झालेल्या पेशीला वाढण्याची संधी मिळणे ही उरलेली अर्धी.

गोळ्यांची परीक्षा

आता गोळ्यांकडे वळू. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत, रक्तात बीटा-कॅरोटीन अधिक असणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असे १९८०च्या सुमारास अनेक पाहण्यांत दिसले होते. गाजरात, पालकात, आंब्यात असणारे हे द्रव्य मुक्त कणांना शांत करते. मग तेच गोळीतून का देऊ नये? विचार तर्कशुद्ध होता. शास्त्रज्ञांनी तो केवळ तर्कावर सोडला नाही, हे महत्त्वाचे.

फिनलंडमध्ये १९८५ पासून ५० ते ६९ वर्षे वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. काहींना बीटा-कॅरोटीन, काहींना ई-जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, तर काहींना नुसती दिखाऊ गोळी दिली गेली. कोणाला काय मिळते हे ना त्यांना ठाऊक, ना डॉक्टरांना. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा वैद्यकविश्व चक्रावून गेले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी तर नव्हताच, उलट १८ टक्के जास्त होता. हा योगायोग असेल असे म्हणावे, तर अमेरिकेत अशीच दुसरी चाचणी सुरू होती : १८,३१४ जण, धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि अॅस्बेस्टॉसच्या संपर्कातील कामगार. तिथे गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के जास्त आढळले. जानेवारी १९९६ मध्ये, ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधीच, ती चाचणी थांबवावी लागली.

ई-जीवनसत्त्वाची कथाही फारशी वेगळी नाही. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग टळावा म्हणून २००१ पासून अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको येथील ३५,५३३ पुरुषांवर चाचणी झाली. लाभ दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या बंद केल्या. पुढेही पाठपुरावा चालू ठेवला, तेव्हा २०११ साली दिसून आले की ई-जीवनसत्त्व घेतलेल्यांत हा कर्करोग १७ टक्के जास्त आहे. कर्करोग टाळण्यासाठी बीटा-कॅरोटीन किंवा ई-जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत, असा स्पष्ट सल्ला अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यविषयक तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये दिला आहे.

एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. चीनमधील लिनशियान भागात, जिथे आहारच निकृष्ट होता, बीटा-कॅरोटीन, ई-जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र दिल्यावर जठराच्या कर्करोगाचे मृत्यू २१ टक्क्यांनी घटले, असे १९९३ साली दिसले. याचा अर्थ इतकाच की ज्याच्या शरीरात खरोखरीची उणीव आहे, ती भरून काढल्याचा फायदा होतो. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतले तर ते बाहेरच सांडणार.

डाव उलटला कसा?

याची कारणे आता हळूहळू उलगडत आहेत. मुक्त कण हे निव्वळ खलनायक नाहीत. पेशी-पेशींमधले निरोप पोचवण्यासाठी शरीर हायड्रोजन पेरॉक्साइडचा वापर करते. जंतूंना मारायला तेच कण लागतात. आणि मुख्य म्हणजे, कर्कपेशीलाही ऑक्सिडीकरणाचा त्रास होतोच. बेबंद वाढणारी पेशी मुक्त कणांच्या ओझ्याखाली वाकलेली असते. तिला बाहेरून अँटिऑक्सिडंटची रसद मिळाली तर आपण अनवधानाने शत्रूलाच चिलखत पुरवतो. स्वीडनमध्ये मार्टिन बर्गो यांच्या गटाने २०१४ साली उंदरांवर हे दाखवून दिले : फुप्फुसात कर्करोगाची सुरुवात झालेल्या उंदरांना ई-जीवनसत्त्व दिले, तेव्हा गाठी अधिक वेगाने वाढल्या. फिनलंडमधील त्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या फुप्फुसात अशीच बीजे आधीच रुजलेली असतील.

ज्यांच्या घरात कर्करोगाचा रुग्ण आहे त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. किरणोपचार बव्हंशी मुक्त कणांच्या मार्फतच कर्कपेशींना मारतात. अशा वेळी ‘ताकद यावी’ म्हणून परस्पर चढ्या मात्रेच्या अँटिऑक्सिडंट गोळ्या देणे हे उपचारांच्याच वाटेत आडवे येऊ शकते. आपण काय काय घेतो आहोत हे डॉक्टरांना सांगणे, निदान विचारणे, एवढे तरी केलेच पाहिजे.

मग भाज्या-फळांचे काय? ती जरूर खावीत. त्यात तंतू आहेत, शेकडो द्रव्ये आहेत, आणि ती पोटात जागा व्यापतात म्हणून इतर नको ते कमी खाल्ले जाते. शिवाय ज्या घरात रोज पालेभाजी शिजते तिथली माणसे धूम्रपानही बहुधा कमी करतात. या साऱ्याचे श्रेय एकट्या बीटा-कॅरोटीनला देऊन ते गोळीत कोंबणे, हीच मूळ चूक होती.

हिशेब घरचा आणि सरकारचा

भारतात २०२२ साली कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले असा आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे १ लाख ४० हजार ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे. महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा तंबाखू चघळणारे कितीतरी अधिक. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, गावोगाव चुना-तंबाखू, आणि माजघरात दात घासण्याच्या नावाखाली मिश्री. गुटख्यावर राज्याने जुलै २०१२ मध्ये बंदी घातली आणि त्यानंतर ती वेळोवेळी वाढवली. तरीही पकडलेल्या साठ्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतच राहतात, यावरून ती कितपत पाळली जाते हे उघड आहे. ज्या घरात मुलांसाठी जीवनसत्त्वाच्या महागड्या बाटल्या येतात, त्याच घरातल्या कर्त्या माणसाच्या खिशात पुडी असते. पहिला खर्च आरोग्याचा म्हणून मिरवला जातो, दुसऱ्याचा हिशेबच ठेवला जात नाही.

आता एक आशेची गोष्ट. २०२० साली ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी धूम्रपान करणाऱ्यांच्या आणि ते सोडलेल्यांच्या श्वासनलिकेतील पेशींचा डीएनए अक्षर-अक्षर वाचला. सोडलेल्यांत ४० टक्क्यांपर्यंत पेशी अशा निघाल्या, की त्या जन्मात सिगारेट न ओढलेल्याच्या वाटाव्यात. कुठल्याशा कोपऱ्यात वाचलेल्या धडधाकट पेशी मारा थांबताच पुढे सरसावून जागा भरून काढत होत्या. त्यासाठी कुठली गोळी लागली नव्हती. धूर थांबला, एवढेच पुरेसे झाले होते. धूम्रपान सोडल्यावर दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण निम्म्यावर येतो, हे डॉक्टर का सांगतात त्याचा एक उलगडा इथे होतो.

प्राणवायूचा गंज कोणाला चुकलेला नाही. श्वास आहे तोवर तो चढणारच, आणि तो खरवडून काढणारे कारागीरही शरीरात अहोरात्र कामाला आहेत. आपले काम इतकेच की त्यांच्या ताकदीबाहेरचा गंज आपण होऊन आत ओतू नये. पुडी, विडी, मिश्री सोडणे, चुलीचा धूर घराबाहेर काढणे, तोंडातला पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम डॉक्टरांना वेळेवर दाखवणे ही कामे जाहिरातीत दिसत नाहीत, कारण त्यांतून कोणाचा माल खपत नाही. सरकारनेही कर्करोग रुग्णालयांच्या कोनशिला बसवताना पानटपरीवरची बंदी खरोखर पाळली जाते का, हे पाहावे. रुग्णालये हवीतच. पण तिथे पोचणाऱ्यांची रांग कमी करण्याचा मार्ग पानटपरीवरून जातो, औषधाच्या दुकानातल्या त्या बाटलीवरून नव्हे.